हजेरीवर मिळणारी पॉवर

ज्यानं पहिल्यांदा लिहिलं का जो हजर त्याचीच पॉवर वाढन, त्याले एकदा कापूस वेचाले लावला पायजे. कंबरेले ओटी बांधून, दुपारच्या उन्हात, बोटं बोंडाच्या काट्यानं फाटेस्तोवर. मंग इचारलं पायजे, सांग बाप्पा, तू आता हजर हायेस का गैरहजर?

नेरच्या बसस्टँडमागं माहं मोटर भराचं दुकान हाय. पंपाची जळलेली मोटर येते, जुनी तार काढतो, नवी भरतो, वार्निश मारतो, वाळवतो, देऊन टाकतो. वीस वर्षं झाले. हाताले कला हाय पण जिभेले हाड नाही, असं बायको म्हणते. बरोबरच म्हणते.

दर रविवारी दुपारी शटर अर्धं खाली करून आमी एक खेळ खेळत होतो. पत्ते नाही. कागदावरचा खेळ. परतेकाचा एक हिरो असते, त्याच्या पॉवर त्याच्या शीटवर लिहून असतात. कोणी उडते, कोणी दिसेनासा होते. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे म्हणतात माहा हिरो आता असं करते, अन् ते जमलं का फसलं हे वीस तोंडाचा फासा ठरवते. खेळता खेळता पॉइंट भेटतात. पॉइंट साचले का नवी पॉवर घ्याची. येवढंच. पण येवढ्यासाठी मी चार वर्षं रविवारी सासरवाडीले गेलो नाही.

गोष्ट सांगणारे म्हणजे सर. शाळेत गणित शिकवतात. इंग्रजीतलं जाडं पुस्तक त्याइनं छापून आणलतं, त्यातून आमच्यासाठी मराठीत नियम काढले. माणूस हुशार, आवाज असा का बसस्टँडवर राक्षस आला म्हणलं तं आपण शटरखालून वाकून पाहाव. पण मास्तर तो मास्तरच. दुसरा मेडिकलवाला. त्याचा हिरो दिसेनासा होणारा, अन् मेडिकलवालाही तसाच, च्याचे पैसे द्याच्या वेळेले. तिसरा मी. माह्या हिरोच्या आंगातून करंट जाते. मोटर भरणारा दुसरं काय घेन?

अन् चौथी ती.

ती तांड्यावरची पोरगी. नेरपासून दहा-बारा किलोमीटर, मधात नाला. शिकलेली, बी.ए. झालेली, पण घरी बाप थकलेला अन् भाऊ बाहेरगावी कामाले, म्हणून वावर तीच पाहाची. एका रविवारी विहिरीवरची मोटर घेऊन आली. मी म्हणलं, ताई, वार्निश वाळाले तीन तास लागन, उद्या ये. ती म्हणे, उद्या कायले, बसतो न इथंच. बसली. आमचा खेळ चालू होता. अर्ध्या तासानं तिनं खुर्ची पुढं सरकवली. एका तासानं म्हणे, "सर, त्या राक्षसाले मागून काहून नाही मारत हे लोकं?" सरांनी पुस्तक बंद केलं अन् तिले कोरं शीट देलं.

तिनं जी पॉवर मागितली ते ऐकून मेडिकलवाला हसला. उडणं नाही, आग नाही. ती म्हणे, माही बाई जे डोक्यावर घेईन त्याचं वजन जाते. बस.

"म्हणजे हमाल?" मेडिकलवाला म्हणे.

"आमचे लोकं पिढ्यानपिढ्या बैलावर माल लादून मुलूखभर फिरले," ती म्हणे. "बैलाची पाठ तेवढी सोलली. माही बाई त्या बैलाइचं ओझं हलकं करते असं समजा."

सरांले ते लय आवडलं. पण सर नियमाचे. म्हणे, सुरुवातीला फक्त निर्जीव वस्तू. जिवंत माणूस उचलायचा असेल तर ती मोठी पॉवर झाली, तिला पंचवीस पॉइंट पडतील.

"मले तेच पायजे," ती म्हणे. अन् साधं सांगितलं, जसं कोणी बसचं टाइम सांगते. आदल्या पावसाळ्यात तिच्या वयनीले दिवस भरले अन् नाल्याले पूर. बाजेवर घालून चार माणसाइनं पार नेली. वयनी वाचली, पोरगंही चांगलं हाय. पण मधात पाणी खांद्याले लागलं तवा चौघातला एक मागं फिरत होता, अन् बाजेचा त्याच्याकडचा कोपरा तिनं आपल्या खांद्यावर घेतला. "पंचवीस तं पंचवीस," ती म्हणे. शीटवर खाली मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: माणूस उचलणे, २५.

आता नियमाचं ऐका. आधी सर पॉइंट मनानं द्याचे, पण आता चौघं झालो म्हणून ते कसे द्याचे हे ठरवाले सरांनी आमाले बसवलं. हजर असेल त्याला एक पॉइंट. चांगली कल्पना काढेल त्याला आणखी एक. गैरहजर, शून्य. अन् हे सांगून सरांनी पिशवीतून काय काढलं असन? हजेरीबुक! खरोखरचं, लांबडं, निळ्या पुठ्ठ्याचं. चार माणसं, मोटरच्या दुकानात, अन् हजेरीबुक! मी हसलो. आज हसू येत नाही.

सर म्हणे, कोणाची हरकत?

ती म्हणे, "सर, आमच्या तांड्यात होळीले बोकड कापला तं वाटा घरटी पडते. घराले कुलूप असलं तरी पडते. बाहेरगावी गेलेल्याचा वाटा शेजारी ठेवते. इथंही तसंच करा न."

"हा खेळ आहे, बोकड नाही," सर म्हणे. सारे हसले. तीही हसली. मंग सरांनी हात वर कराले लावले. चारही हात वर गेले, माहा सगळ्यात आधी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तवा उन्हाळा होता, वावरं रिकामी होती. ती दर रविवारी आली. पेरणीत दोन दिवस चुकली, निंदणात एक. चुकली का सर लाल पेनानं "गै" लिहाचे, अन् असे लिहाचे जसं पोट्ट्यानं बिडी ओढली. पण बाकी रविवारी ती असे, अन् अशा अशा कल्पना काढे का सरांले पॉइंट द्याच लागे. दसऱ्यापर्यंत चोवीस झाले. चोवीस! एक कमी. ती म्हणे, येत्या रविवारी घेतोच.

येता रविवार आलाच नाही. सोयाबीन निघालं, लगेच कापूस फुटला. मजूर भेटे ना. भेटला तं रविवारीच भेटे, कारण इतर दिवशी त्याइले मोठ्या वावरवाल्याइनं आधीच बोलावून ठेवलेलं. ती पहाटे वावरात, दिवसभर सोबत वेचाची, अन् सांजच्याले काटा धरून परतेकीच्या कापसाचं वजन कराची. गेला महिना, गेले दोन महिने. इकडं आमी तिघं दुपारी पंख्याखाली बसून पॉइंट कमावून राह्यलो. बसल्या बसल्या! हजेरीबुकात तिच्या नावापुढं लाल रांग. मले राग येत होता का? येत होता. पण बोललो का? नाही.

बरं, ती पूर्ण गैरहजर होती काय? नाही! ती फोन कराची. वावरात, ओटीत कापूस, कानाले फोन. एक रविवार मले चांगला आठवते. सरांनी असा राक्षस आणलता का सारं लोखंड आपल्याकडं ओढून घेते. डेपोच्या आवारात उभा. माह्या हिरोनं विजेचा खांब टाकला, त्यानं ओढून घेतला. मेडिकलवाल्याचा हिरो मागून गेला तं त्याच्या पट्ट्याचं बक्कल ओढून त्याले उताणा पाडला. आमी अडकलो. तेवढ्यात तिचा फोन. मी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला अन् सांगितलं काय झालं ते.

ती म्हणे, "त्याले अडवता कायले भाऊ? ओढू द्या न. डेपोतल्या साऱ्या गाड्या एकदम सोडा. आपल्याच ओढीनं दबन तो."

मी टेबलावर हात आपटला. सरांले म्हणलं, माहा हिरो करंट सोडते, साऱ्या गाड्याइचे ब्रेक सोडते! फासा टाकला, एकोणीस. चौदा गाड्या राक्षसावर. मेडिकलवाला उठून नाचला, मी नाचलो, सरांनीसुद्धा टाळी वाजवली. बसून पेन काढलं अन् म्हणे, "उत्तम कल्पना. एक पॉइंट. कोणाची होती?"

मेडिकलवाल्यानं माह्याकडं बोट केलं. "याच्याच हिरोनं केलं न."

मी म्हणलं, फोनवर... सर म्हणे, फोनवरची हजेरी आपण धरत नाही, मग कल्पना तरी कशी धरायची? जो टेबलावर आहे त्याचीच. मी एक मिनिट थांबलो असन. मंग माह्या नावापुढं एक आकडा चढला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी काही बोललो नाही. अन् तो पॉइंट मले काही लागतही नव्हता, माह्यापाशी ढीग पडला होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ती आली. शटरखालून वाकली तवा पाह्यलं, बोटाइले चिंध्या बांधलेल्या. सरांले तिळगूळ देला, मेडिकलवाल्याले देला, मले देला. बसली, शीट उलगडलं. चोवीस. माह्यापाशी एक्केचाळीस. मेडिकलवाल्यापाशी अडतीस.

अन् त्याच दिवशी सरांनी मोठी गोष्ट ठेवली होती. वरचा बांध फुटला, नाल्याले पूर, पलीकडं एक म्हातारी खाटेवर. तिले आणाची. मले सांगा, हे मुद्दाम होतं का नव्हतं? सर म्हणतात नव्हतं, तिच्याचसाठी ठेवलं होतं, ती आल्याचा आनंद म्हणून. असन. पण माणसानं हजेरीबुक उघडून तं पाहाव का तिच्यापाशी किती हायेत!

माहा हिरो पाण्यात करंट सोडू शकत नाही, सारेच मरन. मेडिकलवाला दिसेनासा होऊन काय करन, पुराले का डोळे असतात? उरली ती. ती म्हणे, "सर, एकच पॉइंट कमी हाय. आजच्या हजेरीचा आत्ताच द्या न."

"पॉइंट खेळ संपल्यावर," सर म्हणे. "नियम आहे."

तिनं शीट पुढं ओढलं. चिंधी बांधलेलं बोट शीटवरून फिरवलं. मंग मान वर केली. "बरं. मी म्हातारीले उचलतच नाही. बाज उचलतो. बाज लाकडाची हाय, लाकूड तं निर्जीव हाय न?"

आंगावर काटा आला माह्या. चार वर्षांत असं डोकं कोणी लावलं नव्हतं. मेडिकलवालाही "वाह!" म्हणे. अन् सरांनी काय केलं? पुस्तक उघडलं. पान शोधलं. वाचलं. निकाल वाचून दाखवल्यासारखे म्हणे, वस्तूवर जीव असेल तर तो जिवंतच भार धरावा. मी तुला संधी देतो, फासा टाक, अठराच्या वर पडलं पाहिजे.

सात पडले.

सरांनी हळू आवाजात सांगितलं. पाणी खांद्याले आलं, बाज सुटली, म्हातारी गेली, तिच्या मागं बाई गेली. आमच्या खेळात मेला तो मेला. नवं शीट घ्याचं, शून्यापासून.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो. म्हणलं, "सर, माह्यापाशी एक्केचाळीस कुजून राह्यले! त्यातला एक तिले द्या, अन् मागं घ्या हे सारं!"

"पॉइंट असे देता येत नाहीत. ते मेहनतीनं मिळवायचे असतात."

"मेहनत? मेहनत म्हणता तुमी? मी पंख्याखाली बसून चिवडा खाल्ला, हे मेहनत झाली? अन् ती काय झोपा काढून राह्यलती? तिचे हात पाहा! पाहा न, तुमाले पुस्तक वाचता येते, हात वाचता येत नाही?"

"भाऊ, जाऊ द्या न," ती म्हणे. "खेळ हाय."

"काहून जाऊ द्याव!" मी म्हणलं, अन् सरांच्या हातातलं हजेरीबुक हिसकलं अन् वार्निशच्या ट्रेमधी फेकलं. निळा पुठ्ठा हळूहळू बुडाला. सर उठले. पुस्तक पिशवीत घातलं, चष्मा पुसला अन् शटरखालून वाकून निघून गेले. मेडिकलवाला त्याइच्या मागं.

ती मले पाहून राह्यलती. जरा जास्तच वेळ. मले वाटलं, आपली बाजू कोणी घेतली म्हणून पाहून राह्यली असन. मंग म्हणे, शेवटची गाडी निघून जाईन, याडी वाट पाहात असन. याडी म्हणजे तिची माय. शीट टेबलावरच राह्यलं.

त्यानंतर रविवार बंद झाले. ती आली नाही, सर आले नाही. मी मात्र गावभर सरांची लक्तरं काढली. पानठेल्यावर, गिरणीवर, जो मोटर घेऊन आला त्याले. म्हणलं, हा माणूस शाळेतही असंच करत असन. ज्या पोरीले वावरात काम हाय तिले गैरहजर लावत असन अन् ज्याच्या बापाचं दुकान हाय त्याले शाबासकी. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, अशी याइची शाळा! एक दिवस बायको म्हणे, "झालं न आता. दोन महिने झाले, तुमाले येवढा राग कायचा हाय?" मी तिच्यावरही खेकसलो.

होळीच्या तिसऱ्या दिवशी तिचा बाप आला. मोटर नव्हती संगं. कापडात बांधलेला स्टीलचा डबा होता.

"पोरीनं पाठवला," तो म्हणे. "वाटा हाय तुमचा. होळीचा."

"माहा कसा काय वाटा बाबा? मी का तांड्यावर राह्यतो?"

"पंचाइले सांगून तिनं तुमचं घर धरलं. पंच म्हणे, ते तं इथं नाही राहत. ती म्हणे, नसले म्हणून काय झालं." तो हसला. "ऐकते का ती कोणाचं?"

तो गेला. मी डबा उघडला. मटण होतं, घरटी पाव किलो पडलं असन फार तं. शेजाऱ्यापाजाऱ्याले कमी करून माह्या नावानं काढलेलं. मी सरांले शिव्या द्याले तोंड उघडलं, सवयीनं. अन् मले पहिल्यांदा कळलं का मी दोन महिने कोणाले शिव्या देऊन राह्यलो. चोवीस अन् एक पंचवीस. तो एक माह्यापाशी होता. सरांनी नियम केला, पण चोरी सरांनी नव्हती केली. त्या दिवशी मी सारा आरडाओरडा केला, सरांचं हजेरीबुक बुडवलं, पण येवढं एक वाक्य माह्या तोंडातून निघालं नाही: सर, ती डेपोवाली कल्पना हिची होती. येवढं बोललो असतो तं सरांनी ऐकलंही असतं कदाचित, अन् म्हातारी वाचली असती, बाईही वाचली असती.

डबा रिकामा परत द्याचा नसते. बायकोनं चकल्या भरल्या. मी तिचं शीट काढलं, चोवीस खोडून पंचवीस केलं, माह्या शीटवरचं एक्केचाळीस खोडून चाळीस केलं, अन् गाडीले किक मारली.

ती वावरात होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून त्याचे भारे बांधून राह्यलती. मी बांधावर उभा राह्यलो अन् एका दमात सांगून टाकलं, कारण थांबलो असतो तं पुन्हा राह्यलं असतं. म्हणलं, ताई, तो डेपोतल्या गाड्याइचा पॉइंट तुहा होता. तुहाच होता. मी घेतला. उगी राह्यलो अन् घेतला.

तिनं भाऱ्याची गाठ आवळली. वर पाह्यलं नाही.

"मले माहीत हाय भाऊ," ती म्हणे. "त्या दिवशी तुमी फोन कुठं बंद केलता? नाचता नाचता विसरले. मी ऐकून राह्यलती सारं. सर इचारत होते कोणाची कल्पना, अन् मी ओटी सोडून उभी राह्यलती."

"मंग बोलली काहून नाही तू?"

"मले वाटलं तुमी बोलसान."

तिनं हात झटकले, माह्या हातातून डबा घेतला, झाकण उघडून पाह्यलं. मी पुढं केलेलं शीट घेतलं नाही. म्हणे, उन्हात काहून उभे हायेत, या, लिंबाखाली बसा, च्या ठेवतो. मी शीट खिशात घातलं अन् जाऊन बसलो.